लहान कर्जाची पेढी आणि तिच्या पेठा
डहाणू व तलासरी तालुक्यांवरून काही विचार

पतपेढ्यांविषयी आपल्याकडे जे लिहिले जाते त्यात बहुधा ऋणकोचीच बाजू असते. व्याज किती, हप्ता किती, तारण काय, ह्याची चर्चा होते. पेढी स्वतः कशावर जगते व कशाने बुडते, हे मात्र क्वचितच कोणी विचारतो. वस्तुतः हा प्रश्न शेतकऱ्याच्याच हिताचा आहे. कारण पेढी बुडाली म्हणजे ठेवीदार रडतो खरा, पण पुढच्या आषाढात सावकाराचा उंबरठा चढावा लागतो तो गरजवंताला. एकाच पिकास, एकाच धंद्यास किंवा एकाच पेठेस कर्ज देणारी पेढी अधिक चांगली चालते, की अनेक धंद्यांत आपला पैसा वाटून ठेवणारी, ह्या प्रश्नाचा विचार आम्ही येथे डहाणू व तलासरी हे दोन तालुके डोळ्यांसमोर ठेवून करणार आहो.

जर्मनीत रायफायझनने १८६४ साली हेडेसडॉर्फ येथे जी पतपेढी काढली, तिचे क्षेत्र मुद्दाम लहान ठेवलेले होते. एका गावातले लोक एकमेकांस ओळखतात; कोण उद्योगी, कोण उधळ्या, कोणाच्या घरी आजार आहे, हे सांगावयास तेथे चौकशी-अधिकारी लागत नाही. मद्रास इलाख्यातील फ्रेडरिक निकोल्सन यांनी १८९५ व १८९७ च्या आपल्या अहवालांत हीच पद्धत हिंदुस्थानास सुचविली व १९०४ च्या सहकारी पतपेढी कायद्यात ती पुष्कळ अंशी उतरली. ह्या पद्धतीत जे शहाणपण आहे त्याच्याच पोटी तिचा धोकाही आहे. गाव एक, म्हणून ओळख पक्की; पण गाव एक, म्हणून पीकही बहुधा एक. ज्या वर्षी ते पीक जाते त्या वर्षी प्रामाणिक आणि अप्रामाणिक असे दोन्ही ऋणको एकदमच थकतात, व पेढीची ओळख तिच्या काही कामास येत नाही.

आता आमच्या ह्या दोन तालुक्यांकडे पाहू. २०१४ साली १ ऑगस्ट रोजी ठाणे जिल्ह्यातून पालघर जिल्हा निराळा झाला. त्याच्या उत्तर टोकास, गुजराथच्या शिवेला लागून, हे तालुके आहेत. २०११ च्या शिरगणतीप्रमाणे तलासरीत शेकडा ९० च्या आसपास व डहाणूत शेकडा ७० च्या आसपास लोक आदिवासी आहेत; त्यांत वारली सर्वांत अधिक. तालुके लहान, पण मुलूख एकसारखा नाही. किनाऱ्याला डहाणू, चिंचणी, वरोर, झाई येथे मासेमारी. घोलवड-बोर्डीच्या पट्ट्यात चिकूच्या वाड्या. वाणगावच्या बाजूस मिरची व भाजीपाला. आणि पूर्वेकडे कासा, सायवन, उधवा, झरी अशा गावांतून भात, नागली, वरई, गवत, आणि पावसाळा सरताच वीटभट्टीची वाट. डहाणू शहरात रबरी फुग्यांचे कारखाने आहेत, चिंचणीस दागिने घडविण्याचे डाय करणारे कारागीर आहेत. २० जून १९९१ च्या अधिसूचनेने डहाणू तालुका पर्यावरणदृष्ट्या नाजूक ठरवून तेथे मोठ्या कारखानदारीस मर्यादा घातली गेली. त्यामुळे तलासरी-डहाणूचा तरुण मजूर शीव ओलांडून उंबरगाव, सरीगाम, वापीच्या कारखान्यांत जातो. म्हणजे दहा-पंधरा कोसांच्या आत समुद्र, बाग, डोंगर आणि कारखाना ह्या चारही ठिकाणचा पैसा फिरतो. एवढी विविधता हाताशी असता ती पेढीच्या वहीत का उमटू नये, हाच आमचा मूळ प्रश्न आहे.

ह्या मुलखात कर्ज ह्या शब्दाला एक जुना व कडू वास आहे, तो विसरून चालणार नाही. डी. सिमिंग्टन यांनी मुंबई इलाख्यातील आदिवासी व डोंगरी जमातींविषयी जो अहवाल १९३९ च्या सुमारास दिला, त्यात सावकार आणि जमीनदार यांच्याकडे वेठीस बांधल्या गेलेल्या कुळांची हकीकत आहे. लग्नासाठी थोडेसे कर्ज काढावे आणि नवराबायकोने ते फेडण्यासाठी वर्षानुवर्षे राबावे, ह्या प्रकारास लग्नगडी म्हणत. १९४५ च्या मे महिन्यात झरी येथे गोदावरी परुळेकर प्रभृतींच्या पुढाकाराने जी परिषद झाली तिने ह्या वेठीवरच घाव घातला. त्याच वर्षी गवतकापणीच्या हंगामात ५०० पौंड गवतास अडीच रुपये मजुरी मागितली गेली, आणि १० ऑक्टोबर रोजी तलवाडा येथे गोळीबार होऊन जेठ्या गांगड व इतर आदिवासी मारले गेले. वेठ गेली, गरज गेली नाही. पावसाळ्यात घरात दाणा नसे, तेव्हा व्यापारी उभ्या पिकावर पैसे देई व कापणीला ते पीक स्वस्तात नेई. ह्यास पालेमोड म्हणत. ती मोडण्यासाठी राज्य सरकारने १९७६ साली आदिवासींच्या आर्थिक स्थितीच्या सुधारणेचा कायदा केला व आदिवासी विकास महामंडळामार्फत खावटी कर्ज देऊ केले.

खावटीची कल्पना उदार होती ह्यात शंका नाही. परंतु पेढीच्या दृष्टीने पाहिले तर ते एकाच ऋतूतले, एकाच प्रकारच्या घराला, एकाच पिकाच्या भरवशावर दिलेले कर्ज होते. भात बरे आले नाही की सर्व गाव थकबाकीदार. अखेर थकलेल्या रकमा माफ करण्याची पाळी आली, कर्जाची वाट बंद झाली, आणि २०२० साली खावटी पुन्हा आली ती कर्ज म्हणून नव्हे, तर कुटुंबास ४००० रुपयांचे अनुदान म्हणून. त्यात अर्धी रोकड व अर्धा शिधा. अनुदान द्यावे की देऊ नये हा निराळा वाद आहे. आमचे म्हणणे एवढेच की, पिकाच्या एका खांबावर उभी केलेली पतव्यवस्था पतव्यवस्था म्हणून टिकली नाही.

आणखी एक अडचण ह्या भागास विशेष लागू आहे. महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम ३६ व ३६-अ प्रमाणे आदिवासीची जमीन परवानगीवाचून बिगर-आदिवासीकडे जाऊ शकत नाही. हा निर्बंध अत्यंत हितकारक आहे, व तो ढिला करू पाहणाऱ्यांशी आमचे वैर आहे. परंतु त्याचा परिणाम असा की, जमीन असूनही ती बँकेच्या दृष्टीने तारण म्हणून फारशी उपयोगी नाही. म्हणून येथे कर्ज मिळावयाचे ते माणसाच्या शब्दावर, गटाच्या हमीवर, थोड्या रकमेचे. लघुवित्त किंवा मायक्रोफायनान्स ज्यास म्हणतात तो हाच व्यवहार, आणि बायका त्यास नुसते ‘गटाचा हप्ता’ म्हणतात. तारण नसल्यामुळे अशा पेढीस कर्ज बुडाल्यावर हात घालावयास काहीच उरत नाही. तिचे रक्षण दोनच गोष्टी करू शकतात: ऋणकोची खरी माहिती, आणि सर्व ऋणको एकाच वेळी न थकणे.

ह्या दुसऱ्या गोष्टीचा हिशेब एकदा कागदावर मांडू. आकडे कल्पित आहेत, पण प्रमाण लहान पतपेढीस साजेसे आहे. समजा, एका पेढीने १० लाख रुपये शेकडा १२ व्याजाने केवळ चिकूच्या वाडीवाल्यांस दिले. वर्षाचे व्याज १,२०,००० रुपये. त्यापैकी ठेवी ८ लाख, त्यांवर शेकडा ८ प्रमाणे ६४,००० रुपये गेले. अर्धवेळ चिटणीस, कागद, दिवाबत्ती ह्यांस ३६,०००. शिल्लक राहिली २०,०००. आता एका वाईट वर्षी शेकडा १५ कर्ज बुडाले, तर दीड लाख गेले. म्हणजे साडेसात वर्षांची शिल्लक एका पावसाळ्यात वाहून गेली, आणि २ लाखांच्या स्वतःच्या भांडवलातील ५०,०००च हाती उरले. तीच पेढी जर ५ लाख चिकूत, ३ लाख मिरचीत व २ लाख मासळीत ठेवील, तर चिकूच्या त्याच आपत्तीत ७५,००० जातील. तोटा अर्ध्यावर आला. पावणेचार वर्षांत तो भरून निघेल.

येथवर सर्व ठीक. परंतु ज्यास मिरची कळते त्यास मासळी कळतेच असे नाही. नव्या धंद्याची वसुली पाहण्यास पेढीने वर्षाला १२,००० रुपये देऊन आणखी एक माणूस ठेवला, तर शिल्लक ८,००० वर येते, आणि तोच ७५,००० चा खड्डा भरण्यास नऊ वर्षांहून अधिक लागतात. भांडवल अधिक शाबूत राहिले हे खरे. पण पेढी सावरण्याची गती मंदावली. त्याऐवजी संचालक मंडळात एक कोळी व एक मिरचीवाला बागायतदार घेतला आणि वरखर्च २,००० वर भागला, तर शिल्लक १८,००० राहते व सव्वाचार वर्षांच्या आत घडी बसते. विविधतेने पेढीचे कल्याण होते की नाही, हे ती विविधता किती खर्चाने ओळखीची करून घेतली ह्यावर ठरते. पुष्कळ विद्वानांच्या लेखांत हा खर्चाचा रकाना आम्हांस दिसत नाही.

बाहेरच्या जगाचा दाखलाही असाच दुहेरी आहे. १९९३ ते १९९९ ह्या काळातील १०५ इटालियन बँकांचा जो प्रसिद्ध अभ्यास झाला, त्यात असे आढळले की, कर्जे अनेक धंद्यांत पसरल्याने नफा वाढतोच असे नाही व जोखीम घटतेच असेही नाही. विशेषतः नव्या व चुरशीच्या धंद्यात शिरलेल्या बँकांची कर्जे अधिक वाईट निघाली. उलट आपल्या देशात २०१० च्या ऑक्टोबरात आंध्र प्रदेश सरकारने लघुवित्त संस्थांवर वटहुकूम काढला, तेव्हा तेथील वसुली जवळजवळ थांबली. ज्यांचा बहुतेक पैसा त्या एका राज्यात होता त्या संस्था कर्जपुनर्रचनेच्या दारात गेल्या, आणि ज्यांचा पैसा इतर राज्यांत होता त्या तगल्या. कोलकात्याची बंधन ही संस्था २०१५ साली बँक झाली, पण तिचा व्यवहार बंगाल व आसामात दाटलेला होता. आसामात गडबड झाल्यावर तिलाही झळ लागली. २०१९ साली तिने गृहकर्ज देणारी गृह फायनान्स आपल्यात विलीन करून घेतली. तेव्हा पसरावे हे खरे, व न जाणता पसरू नये हेही खरे.

ह्यात आम्हांस खरी भीती वाटते ती निराळ्याच गोष्टीची. रिझर्व्ह बँकेने २०२५ च्या जून महिन्यात दोन सवलती दिल्या. लघुवित्त कंपन्यांनी आपल्या मालमत्तेपैकी शेकडा ७५ भाग गरिबांच्या विनातारण कर्जात ठेवावा असा नियम होता, तो शेकडा ६० वर आणला. आणि स्मॉल फायनान्स बँकांवर अग्रक्रमाच्या क्षेत्रास शेकडा ७५ कर्ज देण्याचे जे बंधन होते, तेही शेकडा ६० केले. हेतू हाच की, ह्या संस्थांनी एकाच प्रकारच्या जोखमीत अडकून राहू नये. हेतूस आमचा विरोध नाही. परंतु मोकळा झालेला पैसा कोठे जाईल? तो उधव्याच्या बाईस शेळीसाठी मिळण्याऐवजी डहाणू स्टेशनाजवळच्या दुकानदारास सोन्याच्या तारणावर किंवा मोटारीसाठी मिळेल, असा संभव आहे. तसे झाले तर पेढीचा ताळेबंद सुधारेल, थकबाकी घटेल, भागधारक संतुष्ट होतील. आणि ज्यांच्यासाठी पेढी निघाली ते घर तिच्या वहीतून नाहीसे होईल. अशी विविधता म्हणजे ऋणको बदलून घेणे होय. पेढीच्या कामगिरीचे मोजमाप करणाऱ्यांनी नफ्याबरोबर हेही मोजावे की, गरीब घरांपैकी किती घरे पाच वर्षांनी अजून तिची ऋणको आहेत.

उलट बाजूने, गावच्या सोसायट्यांस २०२३ साली केंद्रीय सहकार मंत्रालयाने जे आदर्श पोटनियम दिले, त्यांत पंचवीसहून अधिक धंदे करण्याची मुभा आहे. दूध, मासळी, गोदाम, अवजारे असे पुष्कळ. येथेही सावधगिरीच हवी. पंचवीस धंद्यांची यादी पाहून हुरळून जाणाऱ्या चिटणिसास दोन धंदे नीट करता आले तरी पुरे.

चिकूचेच उदाहरण घेऊ. कालीपत्ती चिकूने घोलवड-बोर्डीस नाव दिले. ‘डहाणू घोलवड चिकू’ ह्यास २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले आणि २०२१ साली तो विलायतेस रवानाही झाला. पण झाडावरून उतरल्यावर हे फळ थोड्याच दिवसांत पिकून मऊ पडते; ते ठेवून भाव पाहता येत नाही. पावसाळ्यात बुरशीने फळगळ होते, आणि बी पोखरणारी अळी ह्या भागात शिरल्यापासून तीही एक धास्ती आहे. १७ मे २०२१ च्या सुमारास तौक्ते वादळाने वाड्या झोडपल्या व होड्याही मोडल्या. त्याआधी २०२० च्या मार्चात टाळेबंदी झाली, तेव्हा फळ चांगले असूनही पेठच बंद. ह्या टाळेबंदीने एक कठोर गोष्ट दाखवून दिली: मिरची, मासळी, फुगे, वीटभट्टी, कारखान्याची मजुरी हे धंदे निराळे खरे, पण त्यांतील बहुतेकांचे गिऱ्हाईक एकाच दिशेस, मुंबई आणि वापीच्या रस्त्यावर आहे. पिके अनेक व पेठ एक, अशी स्थिती असेल तर कर्जाची वाटणी केवळ कागदावरची. म्हणून चिकूची भुकटी, सुकवलेल्या फोडी, लोणचे असे पदार्थ करणाऱ्या घरगुती उद्योगांस पेढीने कर्ज द्यावे असे आम्ही म्हणतो, ते हौस म्हणून नव्हे. सुकवलेले फळ चार महिने थांबू शकते, आणि थांबणारा माल म्हणजे पेढीस दुसरी पेठ. तारण म्हणूनही तो गोदामात मोजता येतो.

मात्र आमच्या मते ह्या तालुक्यांतील सर्वांत मोठी विविधता पेढीच्या यादीत नसून एकेका घरातच आहे, व तिकडेच फार थोड्यांचे लक्ष जाते. तलासरीच्या वारली घराचे वर्ष पाहा. आषाढ-श्रावणात आवणीची थोडी मजुरी, पण घरात दाणा कमी. आश्विन-कार्तिकात भात व गवतकापणी. दिवाळीनंतर भट्टीची उचल हातात येते व कुटुंब बाहेर पडते. चैत्रात मोह. एखादा मुलगा उंबरगावास असला तर त्याचा पगार महिन्याचा. कोळ्याच्या घरी जून-जुलै हे दोन महिने सरकारी बंदीमुळे होडी किनाऱ्यावर, आणि नारळी पौर्णिमेनंतर पैसा. मिरचीवाल्यास हिवाळ्यापासून उन्हाळ्यापर्यंत तोडे. ह्या तिघांचे कोरडे महिने एकाच वेळी येतात ते पावसाळ्यात; भरलेले महिने मात्र निरनिराळे. तेव्हा ज्या पेढीत तिघेही आहेत तिची तिजोरी दिवाळीपासून उन्हाळ्यापर्यंत कधी ह्याच्या तर कधी त्याच्या हप्त्याने भरत राहते, आणि पावसाळ्यापूर्वी देण्यासाठी तिच्यापाशी रोकड असते. विविधतेचा हा फायदा नफ्यातोट्याच्या पत्रकात दिसत नाही, पण त्यानेच आषाढातली उचल वेळेवर निघते.

ह्याच्या अगदी विरुद्ध चाललेला प्रकार म्हणजे बारा महिने आठवड्याचा सारखा हप्ता. रिझर्व्ह बँकेच्या १४ मार्च २०२२ च्या निर्देशांप्रमाणे वार्षिक ३ लाखांपर्यंत उत्पन्नाच्या कुटुंबास दिलेले विनातारण कर्ज हे मायक्रोफायनान्स, व त्या घराच्या सर्व हप्त्यांची बेरीज मासिक उत्पन्नाच्या निम्म्याहून अधिक असू नये. नियम चांगला आहे. पण वर्षाचे उत्पन्न बारांनी भागले की मासिक उत्पन्न मिळते, हा हिशेब नोकरदाराचा. श्रावणातल्या वारली घरास तो लागू पडत नाही. त्या महिन्यात हप्ता भरावयाचा तर दुसऱ्या कंपनीचे कर्ज काढावे लागते, मग तिसऱ्या. लघुवित्त संस्थांच्या संघटनेने १ एप्रिल २०२५ पासून एका ऋणकोस तीनहून अधिक संस्थांनी कर्ज देऊ नये असे बंधन घातले, ते हीच साखळी तोडण्यासाठी. कित्येक वाचकांस ठाऊक नसेल म्हणून सांगतो की, त्याच २०२२ च्या निर्देशांत ऋणकोच्या गरजेप्रमाणे हप्त्याची मुदत ठरविण्यास वाव देणारे धोरण प्रत्येक संस्थेने ठेवावे, असेही म्हटले आहे. गटातील भगिनींनी ही गोष्ट कर्ज घेण्यापूर्वीच प्रतिनिधीस विचारावी. सही झाल्यावर विचारून उपयोग थोडा.

आपल्या सोसायट्यांस व बचतगटांस आम्ही एक साधी वही सुचवितो. दर घरास एक पान. पानावर बारा महिन्यांचे बारा रकाने. प्रत्येक रकान्यात त्या महिन्यात पैसा कोठून येतो तेवढेच लिहावे: भात, गवत, भट्टी, मासळी, मिरची, पगार, काहीच नाही. आकडा नको, आकडा विचारला की माणूस घाबरतो. बंदर, रेल्वे वा रस्त्यासाठी जमीन जाऊन मिळालेला मोबदला ह्या रकान्यांत लिहू नये. तो एकदाच येतो, त्याची जागा ठेवीत आहे. पाने भरली की एका बैठकीत ती जमिनीवर पसरून पाहावी. ज्या महिन्यात पुष्कळ पानांवर ‘काहीच नाही’ असे आले असेल त्या महिन्यात हप्ता ठेवू नये, आणि ज्या धंद्याचे नाव कोणत्याच पानावर आलेले नाही त्या धंद्यास, तो कितीही किफायतशीर म्हणून कोणी सांगो, पहिल्या वर्षी कर्ज देऊ नये. तलासरीच्या बहुतेक पानांवर आषाढ व श्रावण कोरे निघतील असा आमचा अंदाज आहे. तेथील दोन हप्ते कार्तिकात व पौषात जोडून घेण्यास पोटनियमांची अडचण असेल, तर येत्या वार्षिक सभेपुढे तसा ठराव आणावा.